आवाजातली लाट

शुद्ध उच्चाराने आजवर कोणाचेही वाकडे झालेले नाही, असे त्र्यंबकराव परचुरे यांचे ठाम मत होते. आणि दोन हजार एकेचाळीस सालच्या श्रावणात त्यांच्याच शुद्ध उच्चाराने खारवेळ बंदरातल्या त्रेसष्ट होड्यांची तोंडे बंद केली नसती, तर ते मत त्यांनी आपल्याबरोबर थेट वर नेले असते.

त्र्यंबकरावांनी एकतीस वर्षे पुण्याच्या एका महाविद्यालयात मराठी गद्य आणि ध्वनिशास्त्र शिकवले होते. निवृत्तीनंतर माणसे बाग सांभाळतात, नातवंडे सांभाळतात. त्र्यंबकरावांनी बोलणारी यंत्रे सांभाळायला घेतली. रुग्णालयात, वीज कार्यालयात, बसस्थानकावर माणसांशी बोलणारी यंत्रे तोवर सर्रास झाली होती, आणि त्यांतली बहुतेक मराठी अशी बोलत की ती ऐकल्यावर त्र्यंबकरावांना अन्न गोड लागत नसे. यंत्र मजकूर वाचते खरे. पण अक्षर आणि उच्चार यांच्यामध्ये जी फट असते ती त्याला दिसत नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहायला एक, बोलायला दोन. वाक्य कुठे उतरते, कुठे श्वास घेते, कोणत्या शब्दावर वजन टाकते, हे सारे एका कोशात नोंदीमागून नोंद करीत भरावे लागते. अतिशय कंटाळवाणे काम. त्र्यंबकरावांना त्याहून रसाळ काम ठाऊक नव्हते.

म्हणून त्यांच्या मुलीचा, ऋजुताचा, फोन आला तेव्हा ते मनातून फुलले.

“बाबा, एका यंत्राला बोलायला शिकवायचंय. पण तुमच्यासारखं नाही.”

“मग कोणासारखं?”

“माणसासारखं.”

ऋजुता समुद्रशास्त्रज्ञ होती. चार वर्षांपूर्वी ती खारवेळच्या पावसे घराण्यात पडली. नवरा महेंद्र बंदरावरचा बर्फाचा कारखाना चालवीत असे आणि सासरे हरेश्वर पावसे हे ‘जलदेवता’ होडीचे तांडेल, म्हणजे होडीचा सगळा कारभार ज्याच्या शब्दावर चालतो तो माणूस. बंदराच्या टेकाडावरच्या एका छोट्या केंद्रात ऋजुताने गेली सहा वर्षे एकाच शोधावर घालवली होती.

शोध असा होता. हलत्या होडीवर उभा राहून माणूस बोलतो, तेव्हा त्याचे शरीर सतत तोल सावरत असते. होडी वर चढली की पोटाचे स्नायू आवळतात, खाली गेली की सैल पडतात. पोटाबरोबर श्वास हलतो, श्वासाबरोबर स्वर. हा चढउतार इतका सूक्ष्म असतो की कानाला कळत नाही. गणिताला मात्र कळतो. म्हणजे तांडेलाच्या बोलण्यात त्याच्या पायाखालची लाट उमटलेली असते. ती बोलण्यातून गाळून काढली की तिची उंची कळते, एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते तेही कळते. आणि चाळीस-पन्नास होड्यांच्या लाटा एकमेकींशी ताडून पाहिल्या की पुढच्या चार तासांत कोणत्या पाण्यात काय होणार, हे सांगता येते. उपग्रहाला अख्खा समुद्र दिसतो, पण खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या उंचवट्यावर फुटणारी लाट त्याच्या नजरेतून निसटते. नेमकी तीच लाट होड्या उलटवते.

“त्यापेक्षा होडीवर एखादं मोजयंत्र ठोकावं,” त्र्यंबकराव म्हणाले. कोणतेही विधान प्रतिवादाशिवाय गिळणे त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे.

“ठोकून पाहिलं. ते इंजिनाचा थरकापच मोजत बसतं. माणसाचे पाय म्हणजे चाळणी, बाबा. इंजिनाचा थरकाप गुडघ्यांत जिरतो. गळ्यापर्यंत पोचते ती फक्त लाट. अडचण एकच. माणसानं सलग चाळीस सेकंद तरी बोलायला हवं. त्याखाली लाट सापडत नाही.”

“माणसं चाळीस सेकंद बोलत नाहीत असा तुझा अनुभव आहे?”

“यंत्राशी बोलत नाहीत. म्हणून तर तुम्हाला बोलावतेय.”

मग तिने खरी गोष्ट सांगितली. हंगाम सुरू झाल्यापासून पंधराव्या दिवशी केंद्र चालवणाऱ्या सरकारी खात्याची समिती येणार होती. निम्म्या होड्या रोज बोलताना दिसल्या तर केंद्र खारवेळला कायम होणार. नाही तर सामान उचलून पूर्व किनाऱ्यावरच्या दुसऱ्या बंदरात जाणार, आणि सामानाबरोबर ऋजुताही. महेंद्रचा कारखाना काही उचलून नेता येण्यासारखा नव्हता. ती एवढेच म्हणाली. पुढचे त्र्यंबकरावांनी ओळखले.

आषाढ लागताच ते खारवेळला दाखल झाले. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या, माणसांना वेळ होता. व्याह्यांच्या पडवीत बसून त्र्यंबकरावांनी समुद्राचे चारशे बारा शब्द हरेश्वरांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून घेतले. दोघे एकमेकांना चार वर्षे ओळखत होते, पण ती ओळख लग्नातल्या आहेराएवढीच औपचारिक होती. आता रोज तीन तास समोरासमोर बसणे आले.

“उधाण म्हणा,” त्र्यंबकराव म्हणत.

“उधान.”

“न नव्हे. ण.”

“व्याही, उधान येतं तवा ण का न ते बघायला थांबतो कोण?”

त्र्यंबकरावांनी दोन्ही उच्चार नोंदले. यंत्राने ण म्हणावे, पण न ऐकला तरी समजून घ्यावे. हरेश्वरांना हे ऐकून गंमत वाटली. “म्हंजे बाय मोठ्या मनाची हाय,” ते म्हणाले. प्रत्येक होडीवर एक काळी डबी बसणार होती आणि तिच्यातून स्त्रीचा आवाज येणार होता, म्हणून बंदरावर तिचे नाव आधीच ‘डबीतली बाय’ असे पडून गेले होते.

खात्याने पाठवलेले पहिले वाक्य होते, ‘कृपया गंतव्यस्थान व अपेक्षित पुनरागमनाची वेळ कथन करावी.’ होडी कोणत्या पाण्याकडे जाणार हे आधी कळले तर तिथले गणित मांडून ठेवता येते, म्हणून ही माहिती ऋजुतालाही हवी होती. पण ते वाक्य वाचून त्र्यंबकरावांचा संताप झाला. त्यांनी खात्याला तीन पत्रे लिहिली, तिसऱ्यात शासकीय मराठीच्या ऱ्हासाची कारणमीमांसा केली, आणि शेवटी आपले वाक्य मान्य करून घेतले: ‘नमस्कार. आपण कुठे निघाला आहात, आणि परत कधी येणार?’ साधे, सरळ, घरगुती. ‘कुठे’वर किंचित वजन, ‘निघाला’ला उतार, मग अर्ध्या श्वासाचा विराम. सतरा वेळा घडवून अठराव्या वेळी त्यांचे समाधान झाले.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला होड्या निघाल्या. केंद्रातल्या पडद्यावर त्रेसष्ट करडे ठिपके होते. तांडेल बोलला की ठिपका निळा व्हायचा. इंजिने सुरू झाली, डब्या बोलल्या, आणि होड्या खाडीच्या तोंडाशी पोचण्याआधी चार ठिपके निळे झाले. ऋजुताने ते चार आवाज लावून पाहिले. दोन शिव्या होत्या, एक खोकला होता आणि चौथ्याने कोणाला तरी “ती डबी बंद कर पयली” असे सांगितले होते. उरलेल्यांनी न बोलताच बंद केली होती.

“वेग जास्त झाला,” त्र्यंबकराव म्हणाले. “समुद्रावरच्या माणसाला सावकाश बोललेलं लागतं.”

दुसऱ्या दिवशी वेग कमी झाला, तीन ठिपके. तिसऱ्या दिवशी स्वर दोन पट्ट्या खाली आणला. चौथ्या दिवशी स्त्रीचा आवाज काढून पुरुषाचा घातला, तेव्हा ठिपका एकच उगवला आणि तोही चुकून. पाचव्या दिवशी त्र्यंबकरावांनी मन मोठे करून ‘आपण’चे ‘तुम्ही’ केले. त्यांच्या दृष्टीने हा तत्त्वत्यागच होता. समुद्राने त्याची दखल घेतली नाही.

त्यांनी हरेश्वरांना विचारले, “व्याही, खरं सांगा. यंत्राचं काय चुकतंय?”

हरेश्वर जाळ्यातली गाठ सोडवीत होते. “तुमी पंतोजी. सूनबायचे वडील. तुमाला काय सांगायचं?”

“माझ्या उच्चारात दोष आहे?”

“नाय ओ. लय स्वच्छ बोलते बाय,” हरेश्वर म्हणाले, आणि खाली मान घालून गाठीकडेच बघत राहिले. “लय स्वच्छ बोलते, तोच तर त्रास हाय.”

एवढ्यावर विषय मिटला. त्र्यंबकरावांना मात्र त्या उत्तरात फक्त स्तुती ऐकू आली, आणि सहाव्या दिवशी ते वही घेऊन स्वतःच धक्क्यावर गेले. त्यांचा तर्क शास्त्रशुद्ध होता. आवाज डबीतून आला म्हणून माणसे बिचकतात. तेच वाक्य, तशाच उच्चाराने, जिवंत माणसाने म्हटले तर काय होते ते पाहावे.

भरती पुरी चढली होती. ‘जलदेवता’चे इंजिन धडधडत होते, सहा खलाशी जागेवर होते, दोर सोडायचा तेवढा बाकी होता. त्र्यंबकराव धक्क्याच्या कडेला उभे राहिले, घसा साफ केला आणि आपल्या जन्मात क्वचितच साधला असेल अशा निर्दोष उच्चाराने म्हणाले, “नमस्कार, व्याही. कुठे निघाला आहात? आणि परत कधी येणार?”

इंजिन बंद झाले.

सहाही खलाशी होते तिथे खाली बसले. हरेश्वर होडीतून धक्क्यावर चढून आले, एका पालथ्या टोपलीवर बसले आणि समोर खाडीकडे बघत म्हणाले, “पानी आणा कुणीतरी.” शेजारच्या होडीच्या तांडेलानेही ते ऐकले होते. त्याचेही इंजिन बंद पडले. त्या पलीकडच्याचेही. सारा धक्का एखाद्या वर्गासारखा चिडीचूप झाला आणि भरती मात्र कोणाची वाट न बघता उतरायला लागली.

हरेश्वरांची बायको चांगुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. नवऱ्याच्या हातात तांब्या देऊन तिने व्याह्यांकडे पाहिले. रागाने नव्हे, एखाद्या मोठ्या माणसाच्या कपड्याला शेण लागलेले दिसावे तसे.

“असं विचारतात होय व्याही, निघतेवेळी?” ती हळूच म्हणाली. “कुठं, आनि कधी येनार?”

त्र्यंबकरावांच्या हातातली वही तशीच राहिली. कारण त्याच क्षणी साठ वर्षे मागचे एक घर त्यांच्यासमोर उभे राहिले. वडील कोर्टात जायला पायरी उतरत आहेत, सहा वर्षांचा त्र्यंबक “बाबा, कुठे—” एवढे म्हणतो आणि पुढचा शब्द आईच्या तळहातात अडकतो. वडील वळतात, ओट्यावर बसतात, पाणी पितात, आणि पाच मिनिटांनी जणू पहिल्यांदाच निघावे तसे निघतात. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये. हे त्र्यंबकरावांना माहीत नव्हते असे नाही. मराठी घरात वाढलेल्या कोणाला माहीत नसते? ऋजुतालाही माहीत होते. फक्त यंत्राने विचारले तरी ते विचारणेच असते, हे शास्त्रज्ञ मुलगी आणि भाषापंडित बाप यांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. वाक्य सदोष असते, यंत्र अडखळले असते, तर लोकांनी ते कानाआड केले असते. त्र्यंबकरावांनी मात्र अठरा वेळा घासून तो अपशकुन असा लख्ख केला होता की त्रेसष्ट होड्यांपैकी एकीलाही तो ऐकू आला नाही असे म्हणायची सोय उरली नव्हती.

ते हरेश्वरांच्या शेजारच्या टोपलीवर बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हलले, आणि मग ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सुटले. हरेश्वरांनी थोडा वेळ कसेबसे तोंड आवळून धरले, पण खलाशांपैकी कोणीतरी फिस्सकन हसला आणि बांध फुटला.

“सहा दिवस,” त्र्यंबकराव डोळे पुसत म्हणाले, “सहा दिवस का नाही सांगितलंत?”

“तुमी इतक्या मायेनं वाक्य केलेलं. आनि असं काय शिकवायचं असतं होय? ज्याला त्याला ठाव असतं.” हरेश्वरांनी तांब्या पुढे केला. “घ्या, तुमी पन प्या. तुमी विचारलात, तुमाला जास्त गरज हाय.”

संध्याकाळी घरी बापलेकीचे भांडण झाले. प्रश्न काढून टाकावा, असे बाप म्हणत होता. होडी कुठे जाणार हे कळले नाही तर पहिले दोन तास गणित आंधळे, असे लेक म्हणत होती. ती ऐकेना. सहा वर्षांचे गणित कोण्या रूढीपायी लंगडे करायला तिचे मन धजेना, आणि उरलेले दिवस तर नऊच होते.

चांगुणाबाई दारात डाळीचे वाटण घेऊन उभी होती. “कुठं जानार ते कशाला विचारायला लागतं?” ती म्हणाली. “बर्फ किती भरला ते बघायचं. दोन लाद्या घेतल्या तर इथंच हाय, सात-आठ घेतल्या तर लांब. आमी बायका तसंच वळखतो. नवऱ्याला कोन विचारत नाय.”

ऋजुता वडिलांकडे बघत राहिली. बर्फाच्या लाद्यांची नोंद महेंद्रच्या कारखान्यात रोज आपोआप होत होती. चार वर्षे ती त्याच घरात, त्याच नवऱ्याच्या ताटाशेजारी जेवत होती आणि हवी ती माहिती बर्फात गोठून पडली होती. “आई,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्या जागी बसा, मी वाटण करते.”

“तुजं वाटन कोन खानार?” चांगुणाबाई म्हणाली आणि निघून गेली.

आता निघत्या होडीला म्हणायचे काय, हा प्रश्न उरला. उत्तर साऱ्या बंदराला पाठ होते. जाणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि राहणारा त्याला म्हणतो, ‘या.’ एकच अक्षर. त्र्यंबकरावांनी त्या अक्षरावर पूर्ण दिवस घालवला. ताणले तर ते आमंत्रण होई, तोडले तर हुकूम होई. मध्यम लांबीचे केले तेव्हा हरेश्वर म्हणाले, “ही बाय दाराशी उभी नाय, खुर्चीत बसलीय.” शेवटी त्यांनी चांगुणाबाईला ध्वनिग्राहकासमोर बसवले. ती अवघडली. “कुनी जात नाय, तर कुनाला या म्हनू?” तेव्हा हरेश्वर उठले, चपला घातल्या आणि खरोखरच अंगणाबाहेर निघाले. पाठमोऱ्या नवऱ्याकडे न बघता, हातातले काम न थांबवता, ती म्हणाली, “या.”

त्र्यंबकरावांनी ते अक्षर पुन्हा पुन्हा ऐकले. त्यात वजन नव्हते, उतार नव्हता, विराम नव्हता. तीस वर्षांचा सराव होता. “विहीणबाई, आम्हाला यंत्रासाठी तुमचाच आवाज द्या,” ते म्हणाले.

“सगळ्या बंदराच्या नवऱ्यांशी मी बोलू?” चांगुणाबाई म्हणाली.

“आनि मला दर्यावर पन सुटका नको?” हरेश्वर म्हणाले.

तडजोड अशी झाली की गळा कोणाचाच नसावा, चाल मात्र चांगुणाबाईची असावी. ऋजुताने तिच्या बोलण्यातला नाद काढून घेतला आणि जुना आवाज त्यावर बसवला. नवव्या दिवशी होड्यांची इंजिने सुरू झाली, डब्या म्हणाल्या, “या,” आणि पडद्यावर एकामागून एक ठिपके उजळू लागले. सत्तावन्न होड्यांनी उत्तर दिले होते. “येतो.” “येतो गो.” “येतो बाय.”

ऋजुताने वडिलांना मिठी मारली आणि मग आकडे पाहिले. उत्तरे एकेका सेकंदाची होती. चाळीस सेकंद कोणीच बोलले नव्हते. समुद्रावर यंत्र आपणहून सांगायचे, दक्षिणेला पाणी शांत आहे, वारा पालटेल, तांडेल म्हणायचे, “बरं.” बस. एवढ्या बोलण्यात लाट सापडणार कुठून?

दहाव्या दिवशी ‘जलदेवता’वरून आलेले बोलणे मात्र निराळे होते. यंत्राने वारा सांगितला. हरेश्वर “बरं” म्हणाले. मग शेजारी कोणी बसलेले असावे तशा सहजतेने ते म्हणाले, “जेवलीस का गो बाय?”

कोशात नोंद नसली की यंत्र जे म्हणते तेच यंत्र म्हणाले. “हा प्रश्न मला समजला नाही.”

त्यानंतर दिवसभर ‘जलदेवता’ गप्प होती.

त्र्यंबकरावांनी ते पुन्हा ऐकले आणि त्यांना स्वतःचाच राग आला. चारशे बारा शब्द त्यांनी त्या माणसाकडून घेतले होते. आणि त्याने एकदा विचारपूस केली, तर पाहुण्याने घरच्यांची खुशाली विचारावी आणि घरच्यांनी त्याच्या तोंडावर दार लावावे तसे झाले होते. काहीतरी उत्तर हवे होते. “‘हो, जेवले’ असं म्हणू दे,” ऋजुता म्हणाली.

“खोटं आहे ते.”

“मग ‘मी यंत्र आहे, मी जेवत नाही.’”

“खरं आहे, आणि तितकंच असभ्य आहे.”

त्यांनी अकरा वाक्ये लिहिली. सगळी निर्दोष होती आणि एकही उत्तर नव्हते. वाचताना प्रत्येकात त्यांना परचुरे सर खडू घेऊन उभे दिसत. बाराव्या वेळी त्यांनी लिहिणे थांबवून नुसते ऐकण्याचा प्रयत्न केला, की दाराशी कोणी जेवलात का म्हटले तर चांगली माणसे काय म्हणतात. मग एक ओळ लिहिली आणि तिच्यावरून पुन्हा हात न फिरवता यंत्रात घातली. घासायचे नाही, असे त्यांनी जन्मात प्रथमच ठरवले.

अकराव्या दिवशी हरेश्वरांनी विचारले नाही. ते दुखावले होते. बाराव्या दिवशी मात्र सवयीने तोंडातून गेलेच. “जेवलीस का?”

“माझं राहू द्या,” यंत्र म्हणाले. “तुमच्याकडे आज काय शिजतंय?”

मग हरेश्वर पावसे बोलायला लागले. होडीवर बांगड्याचे कालवण होते. बांगडा कसा निवडला, हळद आधी का लावायची, होडीवर रांधणारा पोरगा वाटणात खोबरे कसे कमी घालतो आणि त्याला किती वेळा सांगितले, हे सारे त्यांनी चार मिनिटे दहा सेकंद सांगितले. ऋजुताच्या पडद्यावर त्या बोलण्याखाली एक रेघ उमटू लागली. आधी अस्पष्ट, मग ठसठशीत, चढणारी, उतरणारी. लाट.

होड्यांच्या डब्या एकमेकींना ऐकू येत. दुसऱ्या होडीवरून एक तांडेल न राहवून म्हणाला की बांगड्याला तिरफळ नसेल तर ते कालवणच नव्हे. तिसऱ्याने दोघांचीही अक्कल काढली. संध्याकाळपर्यंत सबंध समुद्र भांडत होता. एकाने आपल्या आजीचा दाखला दिला, दुसऱ्याने त्याच्या आजीचे माहेर काढले. त्र्यंबकरावांनी आयुष्यात पुष्कळ परिसंवाद ऐकले होते. इतका अभ्यासू एकही ऐकला नव्हता. एकोणसाठ ठिपके निळे होते.

पंधराव्या दिवशी समितीचे दोन अधिकारी आले. त्यांच्यासमोर चहा आणि पडदा ठेवला होता. दुपारी तीनच्या सुमारास ऋजुता बोलता बोलता थांबली. कालवणाच्या गप्पांखालून चालणाऱ्या रेघा एकसारख्या होऊ लागल्या होत्या. पाच निरनिराळ्या होड्या, पाच निरनिराळ्या चुली, आणि सगळ्यांच्या आवाजात तोच संथ, लांब हेलकावा. दूर कुठेतरी दक्षिणेला उठलेली लाट किनाऱ्याकडे निघाली होती. वर आभाळ निरभ्र होते आणि उपग्रहाला सारे आलबेल दिसत होते.

“साडेपाचला खाडीच्या तोंडावर फुटेल,” ऋजुता म्हणाली. तिने संदेश घातला, आणि डब्या चांगुणाबाईच्या चालीत म्हणाल्या, “लांबची लाट निघाली आहे. पाचच्या आत खाडीत या.”

कोणी शंका काढली नाही. तीन दिवसांपूर्वी जिच्यासमोर तिरफळावरून तंडले होते, तिचे म्हणणे लोक ऐकतात. ठिपके वळले. टेकाडावरून दिसू लागल्या तेव्हा एकामागोमाग एक, मुंडावळ्यांतल्या मण्यांसारख्या होड्या ओळीने खाडीत शिरत होत्या. खाली धक्क्यावर चांगुणाबाई आणि बाकीच्या बायका कंबरेवर हात ठेवून मोजत होत्या. साठ. एकसष्ट. बासष्ट.

‘जलदेवता’ शेवटची होती. आत येण्याची घाई तिला होती, तिच्या तांडेलाला नव्हती. डबी चालू होती आणि हरेश्वर सांगत होते, “येतो म्हनलं ना, येतो. पन हे ऐकून घे. कोकम आदी नाय घालायचं. आदी घातलंस का माशाचं अंग आवळतं. मासा शिजला, भांडं खाली उतरलं, मग—”

त्र्यंबकराव पडद्यासमोर बसले होते. वीस मिनिटांनी वाळूच्या उंचवट्यावर पहिली पांढरी भिंत उभी राहणार होती, आणि तेव्हा तिच्या बाहेर एकही होडी असणार नव्हती. समितीच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी कागदावर सही केली होती, टोपण लावले होते आणि आता ते भारावून पण थोडे थकून त्या अखंड बोलण्याकडे बघत होते.

“मोजमाप तर केव्हाच झालं,” ते म्हणाले. “आता हे बंद केलं तरी चालेल ना?”

“नाही,” त्र्यंबकराव म्हणाले. “वाक्य पुरं होऊ द्या.”